"गोळ्या घेताय ना?" याच्या पुढचा फोन: एआरटीवरच्या माणसांशी बोलायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं (एआरटी) मिळतात त्या केंद्रात, समुपदेशक म्हणून नुकतेच रुजू झालेले, एखाद्या संस्थेत ओआरडब्ल्यू (वस्तीत जाऊन काम करणारे कार्यकर्ते) म्हणून लागलेले, किंवा स्वतः काही वर्षं गोळ्या घेऊन आता दुसऱ्यांना आधार द्यायला पुढे आलेले, अशा प्रत्येकाच्या हातात पहिल्या काही दिवसांतच एक यादी पडते. नावं, नंबर आणि पुढे गोळ्या न्यायची तारीख. बरेच जण यादीतला पहिला नंबर लावतात आणि विचारतात, "गोळ्या घेताय ना?" पलीकडून उत्तर येतं, "हो, घेतोय." फोन संपतो, यादीवर टिक होते. कळलेलं मात्र काहीच नसतं.

गोळीची आठवण मोबाइलचा अलार्मही करून देतो. आपण फोन करायचा तो गोळी कशामुळे राहते हे त्या माणसाला मोकळेपणाने सांगता यावं म्हणून. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

याला आधारही आहे. केनियात २००७ पासून ५३८ रुग्णांवर एक अभ्यास झाला. दर आठवड्याला दवाखान्यातून एक छोटा मेसेज जायचा. त्यात औषधाचा उल्लेखच नसे, फक्त "कसं काय?" एवढी विचारपूस. ४८ तासांत "बरं आहे" किंवा "अडचण आहे" असं कळवायचं. अडचण आहे म्हणणाऱ्याला किंवा उत्तर न देणाऱ्याला दवाखान्यातला माणूस स्वतः फोन करायचा. २०१० साली निकाल आला. मेसेज मिळणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोक औषध नीट घेत होते, न मिळणाऱ्यांपैकी ५० टक्के. त्यानंतर दक्षिण भारतात ६३१ जणांवर झालेल्या अभ्यासात दर आठवड्याला यंत्राकडून रेकॉर्ड केलेला कॉल आणि चित्राचा मेसेज जायचा. २०१४ साली त्याचा निकाल आला, तेव्हा फोन मिळणारे आणि न मिळणारे यांच्यात फरक दिसला नाही. दोन देश वेगळे, पद्धती वेगळ्या, त्यामुळे सरळ तुलना करू नये. पण माझं मत यातून पक्कं झालं: नुसता फोन वाजून उपयोग नाही, "अडचण आहे" म्हटल्यावर पलीकडे ऐकणारं माणूस हवं.

फोन उचलण्याआधी औषधाची किमान माहिती

तुम्ही डॉक्टर नाही आणि फोनवर डॉक्टरकी करायची नाही. तरी समोरचा काय सांगतोय ते समजण्याइतकं ठाऊक हवंच.

आज सरकारी सेंटरमधल्या बहुतेक मोठ्या माणसांना टीएलडी ही गोळी असते. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. जेवणाआधी किंवा नंतर, कशीही चालते. जुने पेशंट सांगतील की गोळी रात्रीच घ्यायची, चक्कर येते, भलतीसलती स्वप्नं पडतात. तो अनुभव आधीच्या इफाव्हिरेन्झवाल्या गोळीचा. टीएलडीने उलट काहींची झोप उडते, अशा वेळी डॉक्टर ती सकाळी घ्यायला सांगतात.

एक गोष्ट मात्र फोनवर हमखास निसटते. डोल्युटेग्राव्हिर आणि पित्ताची औषधं, म्हणजे ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले अँटासिड, एकत्र घेतली तर औषध अंगात नीट शोषलं जात नाही. टीएलडी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी लागते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही रिकाम्या पोटी तसंच, जेवणासोबत असतील तर चालतं. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम दोन्ही चालू असतात, म्हणून तिला हे मुद्दाम विचारा. टीबीचं रिफॅम्पिसिन असलेलं औषध चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरचा एक जादा डोस बारा तासांनी असतो. असा माणूस "एकच घेतोय" म्हणाला, तर त्याच दिवशी सेंटरला कळवा.

गोळी राहिली तर? आठवेल तेव्हा घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. एवढं तुम्ही सांगू शकता.

आणि आकडा: सेंटरवर ९५ टक्के नियमितपणा धरतात. महिन्याच्या तीस गोळ्यांत एक राहिली तर त्याच्या वर राहतो, दोन राहिल्या की खाली येतो. हा आकडा तुमच्या डोक्यात असू द्या, पेशंटच्या डोक्यावर आपटू नका.

पहिली पायरी: परवानगी, आणि ती समोरासमोर

पहिला फोन करायच्या आधी माणूस सेंटरवर भेटतो, तेव्हाच विचारून घ्यायचं. फोन केलेला चालेल का? नंबर कुणाचा, स्वतःचा की घरातला? कोणत्या वेळी एकटे असता? दुसऱ्या कुणी उचलला तर मी काय म्हणू? व्हॉट्सॲपवर लिहिलेलं चालेल की नाही? उत्तरं लिहून घ्या आणि संमतीवर सही घ्या. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार, कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर, कुणाच्याही एचआयव्हीची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. "दुसरा" म्हणजे नवरा, बायको, सासू, भाऊ, सगळेच. घरचे फोनवर कितीही काळजीने बोलले तरी.

कायद्याच्याही आधी येतो तो तुमचा मोबाइल. तुमचा नंबर ट्रूकॉलरवर कोणत्या नावाने दिसतो ते दुसऱ्याच्या फोनवरून बघा. कुणीतरी तुम्हाला "एड्सवाल्या मॅडम" म्हणून सेव्ह केलं असेल, तर तुम्ही तोंड उघडण्याआधीच त्या घरातल्या स्क्रीनवर सगळं उघड झालेलं असतं. व्हॉट्सॲपच्या डीपीवर एड्सची खूण असलेली लाल फीत नको, संस्थेचा लोगो नको. कॉल आपोआप रेकॉर्ड होत असतील तर ते बंद करा. पेशंटची यादी स्वतःच्या गॅलरीत फोटो काढून ठेवायची नाही आणि स्टाफच्या ग्रुपवर नावं टाकायची नाहीत. एसटीत, चहाच्या टपरीवर, कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून हे फोन होत नाहीत. दार लावता येईल अशी जागा बघा.

दुसरी पायरी: कुणी भलत्याने उचलला तर

हे होणारच. गावाकडे अजून घरात एकच फोन असतो, आणि बाईचा फोन बहुतेकदा पोराच्या हातात गेम खेळायला. अशा वेळी लांबलचक थाप मारू नका. "मी सुनीता बोलतेय, ताई आहेत का? नाहीत? बरं, नंतर करते." बस. कुठून, कशासाठी, असं खोदून विचारलं तर पेशंटने स्वतः जे ठरवून दिलंय तेच सांगायचं. एकदा विमा, एकदा बचत गट असं बदलत गेलात तर तिला घरी उत्तरं देत बसावं लागतं.

योग्य माणूस लाइनवर आला तरी पहिला प्रश्न एकच: "आत्ता बोलता येईल का?" त्याने "हो... हो... बरं..." असं तुटक बोलायला सुरुवात केली की समजायचं, शेजारी कुणीतरी आहे. तेव्हा हो किंवा नाही यात उत्तर देता येईल असे प्रश्न करा, नाहीतर वेळ ठरवून फोन ठेवा.

तिसरी पायरी: बोलणं कुठून सुरू करायचं

माणसापासून. मागच्या वेळी काय बोलणं झालं होतं ते फोन लावण्याआधी वहीत वाचा. मुलीची दहावी होती, सोयाबीन काढायला आलं होतं, पाय सुजला होता. त्याबद्दल आधी विचारा. गोळीवर नंतर या.

आणि गोळीबद्दल विचारताना "नाही" म्हणायला वाट ठेवा. "नियमित घेताय ना?" या प्रश्नाचं उत्तर त्या प्रश्नातच दिलेलं असतं. त्याऐवजी असं बघा:

"रोजची गोळी म्हटलं की कधी ना कधी राहतेच, सगळ्यांचंच होतं. गेल्या आठवड्यात तुमची कधी राहिली का?"

"राहिली म्हणजे... एखादी."

"कोणत्या दिवशी, आठवतं?"

"मामी आल्या होत्या ना राहायला. शनिवार, रविवार. आणि सोमवारी त्या गेल्या दुपारी."

"मग बाटली काढता आली नसेल."

"तांदळाच्या डब्यात असते माझी. पण त्या सारख्या स्वयंपाकघरात. आणि बाटली वाजते हो."

आता खरी अडचण हाती आली. एखादी नाही, तीन गोळ्या, आणि कारण विसरणं नाही तर वाजणारी बाटली. इथे "असं करू नका, गोळी महत्त्वाची आहे" म्हणून काहीही होणार नाही, ते तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिलाच विचारा, "पुढच्या वेळी पाहुणे आले तर कसं करता येईल?" बहुतेक वेळा उत्तर तिच्याकडेच असतं. नसेल तर सुचवा: बाटलीत कापूस घातला की वाजत नाही. पाहुणे यायच्या आधी दोन-तीन दिवसांच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत काढून पर्समध्ये ठेवायच्या. बाकीच्या मूळ बाटलीतच राहू द्यायच्या, कारण ओल लागता कामा नये. किंवा गोळीची वेळ बदलून सकाळी पाणी भरायला बाहेर पडते त्या वेळेशी जोडायची.

काही जण आठवून सांगू शकत नाहीत. तेव्हा मोजणी कामाला येते, पण ती झडती वाटू नये. तीस गोळ्यांची बाटली एक तारखेला उघडली, आज अठरा, आजची घेऊन झाली, तर बाटलीत बारा हव्यात. पंधरा असतील तर तीन राहिल्या. "आपण दोघं मिळून बघू या का" असं म्हणून मोजायला लावा आणि आकडा काहीही निघाला तरी पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंत" हेच. पहिल्यांदा खरं सांगणाऱ्याला तुम्ही रागावलात, तर दुसऱ्यांदा तो बरोबर बाराच सांगेल.

कारणं, आणि प्रत्येकाचं वेगळं उत्तर

विसरणं हे सगळ्यात सोपं कारण. त्याला अलार्म, चहाची वेळ, संध्याकाळची मालिका, काहीही चालतं.

उपास हे आपल्याकडचं मोठं कारण आहे, आणि नवे कार्यकर्ते ते विचारतच नाहीत. नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणी सोमवार, एकादशी, "उपासाला गोळी चालते का?" हा प्रश्न मनात ठेवून लोक गप्प बसतात आणि गोळी टाळतात. टीएलडी पाण्यासोबत उपाशीपोटीही चालते, हे सण येण्याआधीच्या फोनवर सांगा. रमजानमध्ये रोजा असेल तर इफ्तार किंवा सहरीची वेळ ठरवता येते, दिवसातून एकदाचीच गोळी असल्याने ते सोपं जातं.

स्थलांतराला मात्र आधीपासून तयारी लागते. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडची ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात फडावर असतात. मध्येच गोळ्या न्यायला गावी यायचं म्हणजे मजुरी बुडते आणि मुकादमाला कारण सांगावं लागतं. म्हणून यांना फोन करायचा तो टोळी निघण्याआधी: "यंदा कुठल्या कारखान्याला?" जागा कळली की दोन गोष्टी होऊ शकतात. तब्येत स्थिर असेल तर एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या देता येतील का ते सेंटरला विचारायचं, आणि तिथल्या जवळच्या सेंटरवरून तात्पुरत्या गोळ्या मिळण्याची सोय लावून घ्यायची. हिरवं पुस्तक, म्हणजे उपचाराच्या नोंदींची पेशंटकडची वही, बरोबर घ्यायला सांगा. ते बाळगायची भीती वाटत असेल तर त्याचं काय करायचं तेही बोला. पालाच्या झोपडीत कागद लपवायला जागा नसते.

बाळंतपणाचंही तसंच. सातव्या महिन्यात बाई माहेरी जाते आणि तिथे अनेकदा कुणालाच माहीत नसतं. बाळ झाल्यावर बाळाचं औषध, त्याच्या तपासण्या आणि तिच्या स्वतःच्या गोळ्या, सगळं एकदम अंगावर येतं. या काळात फोन वाढवा आणि माहेरची मोकळी वेळ नव्याने विचारून घ्या.

मग येतो तो माणूस ज्याला आता खूप बरं वाटतंय. वजन वाढलं, शेतात कामाला जातोय, "आता कशाला गोळी?" त्याला भीती घालू नका, त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, सांगा. औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा ही तपासणी होते. रक्तात विषाणू सापडतच नाही इतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता शास्त्राने पक्कं सांगितलेलं आहे. मी हे सांगितल्यावर फोनवर गप्प झालेली माणसं मला माहीत आहेत. कित्येक वर्षं आपण बायकोला धोका आहोत असं मानून जगलेल्या माणसाला या एका वाक्याने जो धीर येतो, तो कुठल्याही तंबीने येत नाही. मात्र ते गोळी रोज असेपर्यंतच, हेही त्याच दमात सांगा.

दारूबद्दल लोक खोटं बोलतात, कारण "पिऊन गोळी चालत नाही" असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं आणि मग ते प्यायलेल्या दिवशी गोळी सोडतात. दारू कमी करायचं बोलणं वेगळं करा. पण प्यायलात तरी त्या दिवशीची गोळी घ्या, हे स्पष्ट सांगा.

भाड्याला पैसे नाहीत, दिवस मोडतो, ही कारणं धीर देऊन सुटत नाहीत. घराजवळच्या लिंक एआरटी सेंटरची, म्हणजे मुख्य सेंटरला जोडलेल्या, गोळ्या देणाऱ्या छोट्या केंद्राची, चौकशी करा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीसह जगणारे बसतात, तिचा अर्ज तहसीलला कसा जातो ते शिकून घ्या. एका अर्जाला मदत केलीत तर पुढचे सहा फोन त्या घरात आपुलकीने उचलले जातात.

जी वाक्यं बोलायची नाहीत

"तुमच्यामुळे आमचा रिपोर्ट खराब होतो." "मरायचंय का?" "मुलांचा तरी विचार करा." "एवढं सरकार फुकट देतंय." ही वाक्यं मी फोनवर ऐकलेली आहेत, बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, तरी त्यांनंतर माणसं फोन उचलायची थांबली. मोफत औषध १ एप्रिल २००४ पासून मिळतंय. त्याआधी किती जण औषधाविना गेले, ते त्या पिढीतल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना जाणीव करून द्यायची गरज नाही.

"डिफॉल्टर" हा शब्दही वहीत नको. "गोळ्या थांबल्या आहेत" एवढं लिहा.

डॉक्टरांकडे केव्हा पाठवायचं

प्रत्येक फोनवर चार गोष्टी विचारा: खोकला, ताप, वजन कमी होणं, रात्री घाम. यातलं एकही असेल तर टीबीची तपासणी लागते. धाप लागणं, प्रचंड डोकेदुखीसोबत उलट्या, डोळे पिवळे होणं, अंगावर पुरळ आणि तोंडात फोड, बरळणं, यांना त्याच दिवशी दवाखाना. तारखेची वाट बघायची नाही. जगावंसं वाटत नाही असं कुणी म्हणालं तर विषय बदलू नका. थेट विचारा, ऐका, फोन चालू ठेवून तुमच्या समुपदेशकाला सामील करून घ्या, आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर द्या. एचआयव्हीविषयी कुठल्याही वेळी विचारण्यासाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तुम्ही झोपलेले असाल तेव्हासाठी तो नंबर सगळ्यांकडे असू द्या.

व्हायरल लोड हजाराच्या वर आला की सेंटरवर जादा समुपदेशन सुरू होतं आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. या काळात फोन दर आठवड्याला करा. गोळ्या नीट घेऊनही आकडा उतरला नाही तर औषध बदलायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात. तोवर माणसावर संशय घेऊ नका.

किती वेळा, किती वेळ

नवीन सुरू झालेल्याला पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा, पहिल्या चार दिवसांत एक जादा. मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणं हे तेव्हाच होतं आणि गोळी सोडण्याचा विचारही तेव्हाच येतो. नंतर पंधरवड्याने, मग महिन्याला. वर्षभर नीट चाललेल्या माणसाला गोळ्या न्यायच्या तारखेआधी एक फोन पुरतो. पाच-सात मिनिटं खूप झाली. कुणाला अर्धा तास बोलायचं असेल तर त्याला तो द्या, मात्र त्या दिवशीची यादी लहान ठेवा. घाईत केलेले दहा फोन आणि नीट केलेले चार, यांत मी चार घेईन.

फोन लागत नसेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा प्रयत्न करा, सकाळ, दुपार, रात्री आठच्या आत. रोज वीस मिस्ड कॉल पडले की घरात प्रश्न सुरू होतात. नंबर बंद असेल तर संमतीत दिलेल्या दुसऱ्या माणसाला, आणि फक्त त्यालाच, "भेट झाली तर फोन करायला सांगा" एवढंच. घरी जायचं असेल तर त्याचीही परवानगी आधी घेतलेली असावी. आणि महिनोन्महिने तुटलेला माणूस परत आला तर पहिल्या दिवशी हिशेब मागायचा नाही. "आलात, बरं झालं" म्हणून त्याला डॉक्टरांसमोर बसवा, कारण इतक्या खंडानंतर परत सुरू करताना तपासणी लागते.

वहीत काय लिहायचं, आणि यादी दुसऱ्याकडे देताना

तारीख, किती गोळ्या राहिल्या, कारण त्याच्याच शब्दांत, काय ठरलं, पुढचा फोन कधी. नावाऐवजी पेशंटचा सेंटरवरचा नोंदणी क्रमांक. "तांदळाचा डबा, मामी" असं लिहिलेलं असलं की पुढच्या वेळी बोलणं तिथूनच सुरू होतं. वही कुलपात.

प्रकल्प बदलतात, बदल्या होतात, आणि एक दिवस ही यादी तुम्हाला दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. निरोप न घेता निघून जाऊ नका. शेवटचा फोन नव्या माणसाला शेजारी बसवून करा, पेशंटला विचारून त्याची ओळख करून द्या, आणि फोनच्या वेळा, ठरलेलं नाव, कुणी उचलला तर काय म्हणायचं, हे सगळं पेशंटच्या तोंडून नव्या माणसाला एकदा ऐकू द्या. कुणी नव्या माणसाशी बोलायला नको म्हणालं तर त्याला थोडा वेळ द्या, आणि तोवर सेंटरच्या समुपदेशकाचा नंबर त्याच्याकडे आहे ना, एवढं पाहून मग वही सोपवा.